सुट्टीच्या टाइमशेअरचे वार्षिक देखभाल शुल्क: आमची तेरा बिले आणि पुतण्यासमोरच्या तीन योजना

डिसेंबर २०१२ मध्ये आम्ही ठाण्यात एका कंपनीचे टाइमशेअर सभासदत्व, म्हणजे तिच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहण्याचा हक्क, घेतले. मुदत पंचवीस वर्षांची, दरवर्षी सात रात्री, एक शयनगृह आणि छोटे स्वयंपाकघर असलेली खोली, किंमत ३,२०,००० रुपये आणि ती छत्तीस हप्त्यांत. त्या संध्याकाळी विक्री-प्रतिनिधी आमच्याशी अडीच तास बोलला. त्यात डोंगर, समुद्र, नातवंडे, निवृत्ती असे सगळे विषय आले, परंतु वार्षिक देखभाल शुल्काचा उल्लेख एकाच वाक्यात झाला: "सोसायटीचा मेंटेनन्स भरता ना सर, तसेच थोडेसे." त्या वर्षीचे बिल ११,००० रुपये अधिक १२.३६ टक्के सेवाकर, म्हणजे १२,३६० रुपयांचे होते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेले तेरावे बिल २२,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५० रुपयांचे आहे. खोली तीच आहे, रात्रीही सातच आहेत.

हा हिशेब पुन्हा मांडण्याचे कारण माझा पुण्यातील पुतण्या. त्याची दोन मुले शाळेत आहेत आणि तो गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या योजनांची प्रेझेंटेशन ऐकून आला. "काका, तुम्ही तेरा वर्षे भरताय, यातली कुठली घेऊ ते सांगा," असे म्हणून त्याने तिन्ही कोटेशने माझ्यासमोर ठेवली. मी बँकेच्या लेखाविभागात नोकरी केली आहे, त्यामुळे कागद हाती आला की आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. हे परीक्षण त्या मांडणीतून झाले. कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण किमती महिन्यागणिक आणि प्रतिनिधीगणिक बदलतात, आणि वाचकाने नावापेक्षा कागद वाचायची सवय लावावी असे मला वाटते.

प्रथम आमच्या योजनेविषयी. जे चांगले आहे ते आधी सांगणे न्याय्य ठरेल. आम्ही जिथे जिथे राहिलो तिथल्या खोल्या स्वच्छ होत्या, गरम पाणी कधी चुकले नाही, आणि स्वयंपाकघर असल्यामुळे सोबत आलेल्या माझ्या आईचे पथ्यपाणी सांभाळता आले. ऐंशी वर्षांच्या माणसाला सकाळी सहाला पेजेची वाटी हॉटेलात मिळत नाही, ती आम्हाला करून देता आली. मुले लहान असताना एकाच मोठ्या खोलीत सगळ्यांना राहता आले, ही गोष्टही मोलाची होती. सभासदत्व असल्यामुळे आम्ही घराबाहेर पडलो, नाहीतर बऱ्याच सुट्ट्या घरीच गेल्या असत्या, हेही खरे आहे.

आता पैशाचे. तेरा बिलांपोटी आम्ही करासह सुमारे २,४५,००० रुपये भरले. तेरा वर्षांत आम्हाला ९१ रात्री मिळायच्या होत्या, प्रत्यक्षात आम्ही ५८ रात्री राहिलो. २०१६ साली आईचे खुब्याचे हाड मोडले, २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे कोविडमध्ये गेली, आणि दोनदा मे महिन्यात हवे ते ठिकाण मिळाले नाही. उरलेल्या ३३ रात्रींपैकी बहुतेक पुढे नेण्याची मर्यादा ओलांडल्याने बाद झाल्या, थोड्या अजून खात्यात आहेत. केवळ शुल्काचे पैसे प्रत्यक्ष राहिलेल्या रात्रींनी भागले तर एका रात्रीचे ४,२२४ रुपये होतात. मूळ किमतीचा तेरा वर्षांचा वाटा, म्हणजे १,६६,४०० रुपये, त्यात मिळवला तर आकडा ७,०९३ वर जातो, आणि यात आम्ही गुंतवलेल्या रकमेवरचे व्याज धरलेलेच नाही. कंपनीच्या पत्रकात हाच भागाकार ९१ रात्रींनी केलेला असतो. तिथेच सगळा फरक पडतो. शुल्क हक्काच्या रात्रींवर आकारले जाते, उपभोगलेल्या रात्रींवर नाही, आणि घरात आजारपण आले, मुलाची दहावी आली किंवा साथ आली तरी बिल ठरल्या तारखेला येते. ते भरल्याशिवाय पुढचे आरक्षण उघडत नाही आणि उशीर झाला तर व्याज लागते.

"सोसायटीच्या मेंटेनन्ससारखे" ही तुलना मी त्या दिवशी ऐकून घेतली, आज घेणार नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासद वार्षिक सर्वसाधारण सभेत उभा राहून विचारू शकतो की लिफ्टच्या दुरुस्तीला इतके पैसे का लागले. आदर्श उपविधींमध्ये सिंकिंग फंडासाठी (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या राखीव निधीसाठी) बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीसाठी ०.७५ टक्के असे वार्षिक प्रमाणही लिहिलेले आहे. लेखापरीक्षण होते, ताळेबंद वाटला जातो, आणि कमिटी आवडली नाही तर ती बदलता येते. आमच्यासारख्या टाइमशेअरमध्ये मालकी कंपनीची असते, आपल्याकडे असतो तो ठरावीक वर्षांपुरता वापराचा हक्क. आमच्या शुल्कातून रंगकाम किती, पगार किती, कंपनीचा नफा किती, हे तेरा वर्षांत एकाही बिलावर छापलेले मी पाहिले नाही. मी दोनदा लेखी विचारले, दोन्ही वेळा उत्तरात करारातील कलमाचा क्रमांक आला.

याउलट माझी धाकटी बहीण न्यूजर्सीत राहते आणि तिच्या कुटुंबाने फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे एक आठवडा विकत घेतला आहे. तो नोंदणीकृत मालकी हक्काचा आहे, त्यामुळे बिल मालकांच्या संघटनेकडून येते आणि त्यावर दैनंदिन खर्च, राखीव निधी आणि मालमत्ता कर असे वेगवेगळे आकडे असतात. तिचेही शुल्क वाढतेच, आणि मोठी दुरुस्ती निघाली तर संघटना सगळ्या मालकांकडून जादा वर्गणी मागू शकते, पण पैसा कशापोटी जातो हे तिला वाचता येते. टाइमशेअरसाठी फ्लोरिडात स्वतंत्र कायदा आहे आणि खरेदी केल्यावर दहा दिवसांत ती रद्द करण्याचा हक्क त्यानेच दिला आहे. आपल्याकडे या व्यवसायासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. आमच्या करारात दहा दिवसांची मुदत होती, पण ती करारात लिहिली होती म्हणून होती, आणि ते पान आम्ही अकराव्या दिवसानंतर वाचले.

आता पुतण्यासमोरच्या तीन योजना. पहिली पंचवीस वर्षांची आहे: चौघांना पुरेल अशी स्टुडिओ खोली, सात रात्री, किंमत करासह ४,५०,००० रुपये, वार्षिक शुल्क १६,००० अधिक जीएसटी, म्हणजे १८,८८० रुपये. दुसरी दहा वर्षांची, गुणांच्या पद्धतीची, म्हणजे दरवर्षी मिळणारे गुण खर्चून मुक्काम घ्यायची: किंमत २,२५,०००, शुल्क १३,५०० अधिक कर, म्हणजे १५,९३० रुपये. तिसरीची किंमत १,५०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, सात रात्री, आणि पत्रकावर मोठ्या अक्षरांत "देखभाल शुल्क शून्य".

नुसत्या शुल्काचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर तिसरी योजना सर्वांत स्वस्त आणि पहिली सर्वांत महाग वाटते. पुतण्याने तसाच तक्ता केला होता. परंतु मूळ किंमत वर्षांवर वाटून त्यात मिळवली की चित्र हलते. पहिल्या योजनेत वर्षाला १८,००० किमतीचे आणि १८,८८० शुल्काचे, म्हणजे ३६,८८०, रात्रीला ५,२६९ रुपये. दुसऱ्या योजनेत वर्षाला ३८,४३०. इथे कोटेशनच्या मागच्या बाजूला "सात दिवस, सहा रात्री" असे छापलेले होते. प्रतिनिधीने तोंडी दर वेळी सात दिवस म्हटले होते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात सात रात्री बसल्या होत्या. सहाने भागले की रात्रीचे ६,४०५ होतात. शुल्काचा आकडा पहिल्या योजनेपेक्षा लहान असूनही रात्र हजाराहून अधिक रुपयांनी महाग पडते.

तिसऱ्या योजनेतील शून्य कुठे गेले ते शोधायला मला करारनाम्याच्या नमुन्याची अकरा पाने वाचावी लागली. प्रत्येक रात्रीला १,४०० रुपये "युटिलिटी चार्ज" आहे, आणि सकाळचा नाश्ता व रात्रीचे जेवण रिसॉर्टमध्येच घेणे बंधनकारक आहे: मोठ्या माणसाला रोज ९००, मुलाला ४५०. म्हणजे चौघांचे रात्रीला ४,१०० रुपये, कर वेगळा. किमतीच्या वाट्यासह वर्षाचे ४३,७०० आणि रात्रीचे ६,२४३. यात दोन वेळचे खाणे आहे, त्यामुळे ते वजा करून ३,५४३ रुपये धरणे योग्य, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे गैर नाही. ज्या वर्षी जायचे नाही त्या वर्षी काहीच भरावे लागत नाही, हा तर या रचनेचा खरा गुण आहे आणि आमच्या तेरा वर्षांच्या अनुभवानंतर तो मला मोठा वाटतो. परंतु युटिलिटीचा आणि जेवणाचा दर दहा वर्षे हाच राहील असे कुठेही लिहिलेले नाही, आणि "शून्य" हा शब्द फक्त एका शीर्षाला लागू आहे.

याच योजनेच्या प्रतिनिधीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी पुतण्याला थेट नको म्हटले. न वापरलेल्या रात्री कंपनी वाढीव दराने परत घेईल, म्हणजे ही गुंतवणूकही आहे, असे तो म्हणाला. महाराष्ट्रातील वाचकांना पॅनकार्ड क्लब्ज हे नाव विसरता येणार नाही. तिथे हॉटेलच्या रात्री विकून, मुदतीनंतर परताव्याची आशा दाखवली जात होती. सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून २०१४ साली नवे पैसे घेण्यास मनाई केली आणि २०१६ साली पैसे परत करण्याचा आदेश दिला. तोवर पन्नास लाखांहून अधिक लोकांचे सात हजार कोटी रुपये त्यात अडकले होते. सुट्टीचे सभासदत्व हा खर्च आहे. ते विकताना जो कोणी परताव्याची भाषा बोलेल, त्याच्याकडे शुल्काची तुलना करायला बसण्याचीही गरज नाही.

राहिल्या दोन योजना. त्यांच्यात निवड करताना आजच्या शुल्कापेक्षा वाढीचे कलम अधिक महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते या साऱ्या तुलनेचा कणा तोच आहे. पहिल्या योजनेच्या करारात शुल्क ग्राहक किंमत निर्देशांकाच्या, म्हणजे महागाई मोजणाऱ्या सरकारी आकड्याच्या, प्रमाणात वाढेल असे सूत्र लिहिले आहे. दुसऱ्यात "कंपनी वेळोवेळी ठरवील त्याप्रमाणे" एवढेच आहे. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य चार टक्के आणि त्याच्या वर-खाली दोन टक्के इतके आहे. त्याची वरची कड, म्हणजे सहा टक्के, मी हिशेबासाठी धरली. आमचे स्वतःचे मूळ शुल्क बारा वर्षांत ११,००० वरून २२,५०० वर गेले, ती वाढही वर्षाला सहा टक्क्यांच्या किंचित वरच पडते, त्यामुळे हा आकडा हवेतला नाही. सहा टक्क्यांनी पहिल्या योजनेचे १८,८८० रुपयांचे बिल पंचविसाव्या वर्षी ७६,४०० रुपयांच्या पुढे जाते आणि पंचवीस बिलांची बेरीज सुमारे १०,३५,००० रुपये होते, म्हणजे सभासदत्वाच्या किमतीच्या दुपटीहून अधिक. पुतण्या किमतीवर पंचवीस हजारांची सवलत मिळवण्यासाठी दोन तास घासाघीस करून आला होता. शुल्काच्या बाबतीत त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या योजनेची दहा बिले सहा टक्क्यांनी सुमारे २,१०,००० आणि दहा टक्क्यांनी वाढली तर सुमारे २,५४,००० होतात. सूत्र नसणे धोक्याचे आहे, पण दहा वर्षांची मुदत त्या धोक्याला आपोआप आवर घालते. पंचवीस वर्षांच्या करारात सूत्र नसेल तर मी सही करू नका असेच सांगेन. आमच्या करारात ते नव्हते. सूत्र असले तरी एक बारकावा पाहावा: कर त्यात धरलेला नसतो. आमच्या डोळ्यांदेखत सेवाकर १२.३६ वरून १५ टक्क्यांवर गेला आणि जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी आला. कंपनीने एक पैसाही वाढवला नाही तरी बिल वाढते.

कराचा हा मुद्दा अलीकडे अधिक टोकदार झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. टाइमशेअरच्या वार्षिक शुल्कावर मात्र १८ टक्केच आहे. म्हणून तुलना केवळ योजनांमध्ये न करता साध्या खोलीच्या भाड्याशीही करायला हवी. पहिल्या योजनेचे ४,५०,००० रुपये सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला ३१,५०० रुपये व्याज येते आणि मुद्दल तसेच राहते. व्याज आणि शुल्क मिळून ५०,३८० होतात, म्हणजे रात्रीचे ७,१९७. याचा अर्थ असा की ज्या दर्जाची खोली त्याला एरवी कराआधी ६,८५० रुपयांपेक्षा कमी भाड्यात मिळते, तिथे सभासदत्व तोट्याचे आहे, आणि जिथे भाडे याहून बरेच वर जाते, तिथे ते फायद्याचे आहे. महाबळेश्वरला मे महिन्यात किंवा गोव्यात नाताळ ते नववर्ष या आठवड्यात चांगल्या रिसॉर्टची खोली या दरात मिळणे कठीण, हे सगळ्यांना माहीत आहे. जुलैमध्ये तीच खोली निम्म्या भाड्यात मिळते.

म्हणूनच शुल्काच्या शेजारी हंगामाची वर्गवारी, म्हणजे सभासदाला वर्षातल्या कोणत्या काळात जाता येते ते, आणि आरक्षणाचे नियम वाचले पाहिजेत. आमच्या योजनेत शुल्क खोलीच्या आकारावर ठरते, हंगामावर नाही. म्हणजे मधल्या हंगामाचा सभासद असलेले आम्ही आणि नाताळात हक्काने जाणारा सभासद, दोघेही सारखेच शुल्क भरतो, आणि आमच्या वाट्याला येतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखा. शाळेत जाणारी मुले असलेल्या घराला याचा उपयोग नाही. पुतण्याला पहिल्या कंपनीने जो दर दिला होता तोही मधल्या हंगामाचा होता. वरच्या हंगामाची किंमत विचारल्यावर ती जवळजवळ दीडपट निघाली आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागला.

बाहेर पडण्याविषयी थोडक्यात. भरलेले शुल्क परत मिळत नाही, सभासदत्व दुसऱ्याच्या नावे करायचे तर हस्तांतर शुल्क लागते, आणि आमच्या सभासदत्वाला गिऱ्हाईक शोधताना पहिला प्रश्न "वर्षाला किती भरावे लागते?" हाच आला. उत्तर ऐकून तिघांनी फोन ठेवला. तंटा उद्भवल्यास करारात दुसऱ्या शहरातील न्यायालयाचा उल्लेख असला तरी घाबरण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि करारच एकतर्फी व अन्यायकारक असल्याचा मुद्दा असेल तर तो राज्य आयोगापुढे नेता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

माझे मत विचाराल तर, जे कुटुंब दरवर्षी न चुकता, गर्दीच्या हंगामात, चार-सहा महिने आधी तारखा ठरवून जाते, ज्याला स्वयंपाकघर असलेली मोठी खोली हवी असते आणि ज्याला वरच्या हंगामाची किंमत कर्जाशिवाय देता येते, त्याला वाढीचे सूत्र लिहून दिलेली योजना परवडू शकते. आमचे कुटुंब तसे नव्हते, आणि हे आम्हाला २०१२ सालीही ठाऊक होते. आमच्या योजनेला मी खोल्यांसाठी पाचपैकी चार आणि शुल्कासाठी दीड गुण देईन. अजून बारा बिले यायची आहेत.

पुतण्याने माझ्या सांगण्यावरून पहिल्या दोन कंपन्यांना ईमेल केला आणि चारच गोष्टी मागितल्या: त्याच आकाराच्या खोलीचे गेल्या दहा वर्षांचे शुल्क वर्षवार, वाढीचे कलम शब्दशः, रात्रींची संख्या, आणि शुल्काबाहेर रिसॉर्टवर भरावी लागणारी प्रत्येक रक्कम. दुसरीकडून प्रतिनिधीचा फोन आला, "समक्ष भेटू या, खास ऑफर आहे." पहिलीकडून नऊ दिवसांनी तक्ता आला. तो आम्ही दोघांनी रविवारी बसून पाहिला. दहापैकी आठ वर्षांची वाढ निर्देशांकाशी जुळते, दोन वर्षांची जुळत नाही, आणि त्या दोन वर्षांविषयी त्याने पुन्हा लिहिले आहे. उत्तर येईपर्यंत नाताळच्या सुट्टीसाठी त्याने तारकर्लीला चार रात्रींची खोली साध्या भाड्याने घेऊन ठेवली आहे.